गंज काढण्याची पेटी : तिची निगा व ती चालविणाराची सुरक्षितता

गेल्या कांहीं महिन्यांत जानेफळ व आसपासच्या गांवांतील सभासदांकडून एकाच विषयाची विचारणा आमच्याकडे वारंवार झाली. अवजारांवरील गंज व जुना रंग दाबलेल्या हवेच्या झोतानें काढण्याची जी बंद लोखंडी पेटी आतां लहानसहान वर्कशॉपांतूनही दिसूं लागली आहे, ती भाड्यानें अवजारें देणाऱ्या केंद्रांनीं घ्यावी काय, घेतल्यास तिची निगा कशी राखावी, आणि तिच्यांत पैनगंगेची वाळू वापरली तर चालेल काय, असे तीन प्रश्न त्यांत असतात. पहिल्याचें उत्तर ज्याच्या त्याच्या कामाच्या मानावर अवलंबून आहे. दुसऱ्याचें उत्तर पुढें सविस्तर देत आहों. तिसऱ्याचें उत्तर मात्र एका शब्दांत आहे, आणि तें 'नाहीं' असें आहे. तें कां, हें समजून घेणें हाच या लेखाचा मुख्य भाग समजावा.

लांकडाचीं अवजारें होतीं तेव्हां वाळवी हा शत्रु होता. लोखंड आलें आणि गंज आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ च्या सुमारास बेळगांव येथें लोखंडी नांगर करण्यास आरंभ केला, त्यानंतर शंभर वर्षांत आपल्या शेतांतील बहुतेक सर्व अवजार लोखंडाचें झालें. आज पेरणीयंत्र, रुंद सरी वरंबा यंत्र, रोटाव्हेटर, मळणीयंत्र हीं सर्व वर्षांतून महिना दोन महिने चालतात आणि उरलेले दिवस गोठ्याच्या आडोशाला ओल खात उभीं असतात. गंज काढण्याची झोताची युक्ति तशी जुनीच. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमन यानें १८७० सालीं वाळूच्या झोताचें पेटंट घेतलें. त्याच्या नांवानें नव्हे, तर वाळूच्या नांवानें हें काम ओळखलें जातें. वर्कशॉपांत सगळे त्याला 'सँडब्लास्टिंग' म्हणतात. या नांवानेंच अर्धा घोटाळा केला आहे. नांवांत वाळू आहे म्हणून पेटींत वाळूच घालावयाची, असा समज होतो.

पेटीची रचना सोपी आहे. वरच्या भागांत एक कांच व दिवा, समोर दोन गोल भोंकें व त्यांना कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे, बाजूस दार, आंत जाळी, आणि जाळीखालीं चाड्यासारखा निमुळता भाग. त्या निमुळत्या भागांत घासणारे दाणे सांठतात. कॉम्प्रेसरची हवा बंदुकींतून वेगानें जाते, तिच्या ओढीनें नळींतून दाणे वर चढतात, हवेबरोबर नोझलांतून बाहेर पडून अवजारावर आदळतात आणि जाळींतून पुनः खालीं पडतात. आंत उठलेली धूळ पंखा ओढून घेतो व कापडी किंवा कागदी फिल्टरांत अडकवितो. ही ओढीची पेटी होय. दुसऱ्या जातींत दाणे दाबाच्या टांकींत भरलेले असतात व तेथूनच हवेबरोबर ढकलले जातात. ती जोरकस असते, पण आपल्या कामास बहुधा पहिलीच पुरते.

कोणतें अवजार पेटींत घालावें याविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. वखराची पास, डवऱ्याच्या पाती, नांगराचा फाळ यांस पेटीची गरज नाहीं. तारेचा ब्रश व जळकें ऑईल पुरे. चार तास मातींत चालले कीं ते आपोआप आरशासारखे होतात. पेटी कामास येते ती सांगाडा, क्लँप, बियाण्याची लोखंडी पेटी, पुली, मोटारीचें आवरण यांसारख्या पुनः रंगवावयाच्या वस्तूंना. बेअरिंगें, साखळ्या, बीं मोजणाऱ्या चकत्या व रबरी भाग अगोदर काढून ठेवावे. न निघणारें बेअरिंग असेल तर त्याचें तोंड चिंधी व चिकटपट्टीनें घट्ट बंद करावें. एक दाणा आंत शिरला तर ऐन पेरणींत चाक धरलें जाईल.

आतां वाळूसंबंधीं. आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली, तेव्हां प्रथम हें सांगतों कीं नदीची वाळू फुकट असते हा समजच चुकीचा आहे. ती गौण खनिज आहे, आणि परवान्यावांचून उचलल्यास १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमान्वयें दंडास पात्र होते. परंतु दंड भरून सुटतां येतें. फुफ्फुसाचें तसें नाहीं.

वाळूंत गारगोटीचा अंश असतो. गारगोटी म्हणजे स्फटिकरूप सिलिका. आमचा मुलूख काळ्या दगडाचा, म्हणून आमची वाळू निर्दोष, असा युक्तिवाद कांहीं मंडळी करितात. त्यांनीं मूठभर वाळू धुऊन ताटांत पसरावी. काळ्या कणांमध्यें पांढऱ्या, पिवळसर गारा चमकतांना दिसतील, कारण या काळ्या दगडाच्या पोकळ्यांतूनच अकीक व गारगोटी भरलेली असते. असा दाणा प्रचंड वेगानें लोखंडावर आदळला कीं त्याचा चुरा होतो, आणि त्या चुऱ्यांतील अत्यंत बारीक कण डोळ्यांना दिसतही नाहींत. माणसाचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाडीचा असतो. फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोंचणारे कण ५ मायक्रॉनहून लहान असतात. मोठी धूळ नाकांत अडकते, शिंकेनें निघते, आणि म्हणूनच ती तितकी घातक नाहीं. न दिसणारी धूळ मात्र तासन् तास हवेंत तरंगत राहते व श्वासाबरोबर खोल जाते. तेथें शरीराच्या रक्षक पेशी तिला गिळतात आणि स्वतःच मरतात. त्या जागीं व्रणासारखा कठीण भाग तयार होतो. असे व्रण वाढत जाऊन फुफ्फुस ताठर होतें. यास सिलिकोसिस म्हणतात. यावर रोग बरा करणारें औषध नाहीं. काम सोडल्यावरही तो वाढूं शकतो, आणि अशा फुफ्फुसांत क्षय सहज घर करितो. नुकताच फुटलेला कण जुन्या धुळीपेक्षां अधिक विषारी असतो. म्हणून खाणींत जो रोग दहा-वीस वर्षांनीं दिसतो, तो वाळूच्या झोतावर काम करणारांस कधीं कधीं दोन-तीन वर्षांतच गांठतो.

हें दूरचें भय नव्हे. मध्यप्रदेशांत मंदसोरकडे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे मजूर व गुजराथेंत खंबायतेस अकीक घासणारे कारागीर या रोगानें तरुणपणीं गेले आहेत. ज्या पेन्सिलीनें आपण बाराखडी गिरविली तिच्या धुळीची ही कथा आहे. तुर्कस्थानांत निळ्या जीनच्या विजारी जुनाट दिसाव्या म्हणून त्यांवर वाळूचा झोत मारीत. पुष्कळ तरुण कामगार दगावल्यावर २००९ सालीं तेथील सरकारनें ती चाल बंद केली. इंग्लंडनें तर १९४९ च्या नियमांनींच ओतकामाच्या सफाईंत वाळूला मज्जाव केला होता. आपल्या देशांत १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानें सिलिकोसिस हा सरकारास कळवावयाच्या रोगांच्या यादींत घातला, आणि २०२० च्या संहितेंतही तो त्या यादींत आहे. पण दोनतीन माणसांचें वर्कशॉप अशा कायद्याच्या तपासणींत सहसा सांपडत नाहीं. तेथें तपासनीस येत नाहीं. जो मालक, जें मंडळ, तोच तपासनीस.

बाजाराच्या एका गांवीं रस्त्याकडेच्या एका वर्कशॉपांत आम्ही कांहीं वेळ थांबलों होतों. पेटी नव्हतीच. उघड्यावर, तोंडाला ओला दुपट्टा गुंडाळून, पंचविशींतला एक मुलगा ट्रॉलीच्या सांगाड्यावर वाळू मारीत होता. खोकला येतो काय, असें विचारतां तो म्हणाला, "काकाजी, संध्याकाळी गुळाचा खडा खाल्ला का धूळ बसून जाते खाली." हा समज गिरण्या-कारखान्यांतून सर्वत्र पसरलेला आहे. गूळ चांगला पदार्थ आहे, परंतु तो अन्ननलिकेनें पोटांत जातो. धूळ श्वासनलिकेनें फुफ्फुसांत गेलेली असते. दोघांची गांठ कोठेंही पडत नाहीं. पुढें आणखी बोलणें झाल्यावर कळलें कीं, त्याला क्षयाचें औषध एकदां देऊन झालें होतें, तरी दम लागणें गेलें नव्हतें. त्यास कोणता रोग होता हें आम्हीं ठरविणें योग्य नव्हे. परंतु सिलिकोसिस व क्षय यांचीं लक्षणें सारखीं असतात व छातीच्या चित्रांतही एकाचा दुसऱ्यावर भास होतो. म्हणून धुळींत काम करणाऱ्या माणसानें डॉक्टराकडे जातांच आपला धंदा काय, तो किती वर्षें केला व कोणत्या धुळींत केला हें स्वतः होऊन सांगावें. डॉक्टर विचारीलच असें नाहीं.

मग पेटींत घालावें काय? लोखंडावरील गंज व रंगास तपकिरी ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा गार्नेट हे दाणे उत्तम. गार्नेट हा नैसर्गिक खडा असून तामिळनाडू व ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूंत मिळतो. घेतांना त्यांत मोकळी सिलिका अत्यल्प आहे असा लेखी दाखला मागावा. पितळ व ॲल्युमिनियमच्या नाजूक वस्तूंस कांचेचे बारीक मणी चालतात. कांच सिलिकेचीच असली तरी ती स्फटिकरूप नसते, म्हणून तिचा धोका वाळूसारखा नाहीं. मात्र मण्यांना दाब ५०-६० पौंडांवर देऊं नये, नाहीं तर ते फुटून नुसती धूळ होते. अमेरिकेंत अक्रोडाच्या कवचाचा व दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भरडाही वापरतात. आमच्या मका पिकविणाऱ्या सभासदांना हें वाचून कुतूहल वाटेल, पण त्या भरड्यानें तेलकट मळ निघतो, गंज निघत नाहीं. शिवाय ती धूळ पेट घेऊं शकते. हे दाणे महाग वाटतात खरे, परंतु वाळू एकदां आदळून पीठ होते, तर हे दाणे चाळून पुनः पुनः वापरतां येतात. दर आठवड्यास खालचे दाणे काढून चाळावे, रंगाचे पापुद्रे व कचरा काढावा, आणि पिठूळ झालेला माल टाकून नवा भरावा.

निगेच्या बाबतींत सर्वांत अधिक त्रास देणारी वस्तु म्हणजे पाणी. हवा दाबली कीं तिच्यांतील ओल पाण्याच्या रूपानें टांकीच्या तळाशीं सांठते. तें पाणी हवेबरोबर पेटींत गेलें कीं दाण्यांचे गोळे होतात, नळी तुंबते, झोत अडखळतो, आणि चालविणारा बंदूक आपटूं लागतो. जून ते सप्टेंबर हा उपद्रव विशेष. म्हणून काम संपल्यावर दररोज टांकीखालचा कॉक उघडून पाणी काढावें. पावसाळ्यांत तें दुपारींही एकदां काढावें. कॉम्प्रेसर व पेटी यांच्यामध्यें पाणी गाळणारें भांडें बसविलेलेंच असावें, व हवेची नळी लांब ठेवावी म्हणजे हवा थंड होऊन ओल तेथेंच गळते. मोटारीच्या चाकांत हवा भरणारा लहान कॉम्प्रेसर या कामास पुरत नाहीं. ओढीच्या लहान बंदुकीस ८० पौंड दाबावर मिनिटास सुमारें १२ ते २० घनफूट हवा लागते, आणि कॉम्प्रेसर एका अश्वशक्तीमागें अदमासें ४ घनफूट देतो. हिशेब ज्यानें त्यानें करावा. टांकीची सेफ्टी व्हॉल्व्ह आठवड्यास एकदां हातानें उचलून मोकळी आहे कीं नाहीं पाहावी, आणि टांकी जाणत्या तपासनिसाकडून वेळच्या वेळीं दाबाखालीं तपासून घ्यावी. आंतून गंजलेली टांकी बाहेरून रंगविलेली असते, हें ध्यानांत असूं द्यावें.

नोझल झिजतें, आणि तें झिजलें हें लवकर लक्षांत येत नाहीं. दाबाच्या टांकीच्या यंत्रांत ६ मि.मी.चें भोंक झिजून साडेसात मि.मी. झालें तर फरक दीडच मि.मी. दिसतो, पण हवा भोंकाच्या क्षेत्राप्रमाणें जाते. सहाचा वर्ग ३६, साडेसाताचा वर्ग सव्वाछप्पन्न; म्हणजे निम्म्याहून अधिक हवा जास्त लागूं लागली. कॉम्प्रेसर विश्रांति न घेतां चालतो, वीज जाते, आणि तरी झोत मिळमिळीत. याकरितां साडेसात मि.मी. ड्रिलचा मागला गुळगुळीत भाग पेटीजवळ टांगून ठेवावा. तो नोझलांत शिरला कीं नोझल बदलावें. ओढीच्या बंदुकींत हवेचा जेट आंत निराळा असतो. तेथें बाहेरचें नोझल झिजल्यास हवा वाढत नाहीं, परंतु झोत फाकतो व दाण्यांची ओढ मंदावते. अशा बंदुकींतील नोझल दर आठवड्यास पाव फेरा फिरवून बसवावें, म्हणजे तें एकाच अंगानें झिजत नाहीं.

कांच, हातमोजे, दाराची रबरी पट्टी व फिल्टर हीं चार निराळीं दिसतात, पण त्यांचें नातें आहे. फिल्टर तुंबला कीं आंत धुकें होतें; धुक्यांत दिसत नाहीं म्हणून चालविणारा कांचेवर नाक टेकतो; तेंही जमेना कीं दार किंचित् उघडून पाहतो. अपघात व धूळ दोन्ही त्या फटींतून येतात. म्हणून कांचेवरील पातळ पारदर्शक पत्रा धुरकट होतांच बदलावा, त्यांत काटकसर करूं नये. फिल्टर रोज काम संपल्यावर झटकावा. झटकण्याचा दांडा पेटीस बाहेरून असतो. दार उघडतांच हवा बंद करणारें बटण असेल तर तें तारेनें बांधून टाकण्याची खोड कोणासही लागूं देऊं नये. असें बांधलेलें बटण आम्हीं एकाहून अधिक ठिकाणीं पाहिलें आहे, व प्रत्येक ठिकाणीं कारण एकच सांगण्यांत आलें, कीं त्यामुळें काम भरभर होतें.

फटी शोधण्याच्या दोन घरगुती रीती आहेत. रात्रीं वर्कशॉपांतले दिवे घालवून पेटींतला दिवा लावावा. जेथून उजेड बाहेर पडेल तेथून धूळही पडते. दुसरी रीत अशी कीं, पेटींत व जवळपास डिझेल किंवा थिनर नाहीं अशी खात्री करून, पंखा चालू ठेवून दाराच्या कडेनें पेटलेली उदबत्ती फिरवावी. धूर आंत ओढला गेला पाहिजे. तो स्थिर राहिला किंवा बाहेर लोटला गेला तर पट्टी तरी फाटली आहे किंवा फिल्टर तरी भरला आहे. हातमोजे उजेडासमोर धरून ताणावे. टांचणीएवढें छिद्र दिसलें तरी ते बदलावे, कारण झोत त्याच जागीं कातडीपर्यंत पोंचतो. दाबलेली हवा अंगावर घेऊन कपडे झटकणें हें तर कधींही करूं नये. ती हवा कातडीच्या जखमेंतून आंत शिरूं शकते, व कपड्यांतली धूळ नाकासमोर उडते ती निराळीच.

आवाजाविषयीं थोडेंच सांगतों. झोताचा आवाज कान बधिर करणारा असतो. कानांत बोंडलीं किंवा कानांवर झांपणें असावेंच. ऐकूं कमी येणें हळूहळू येतें, आणि गेलेले कान परत येत नाहींत.

फिल्टराखालचा धुळीचा खण रिकामा करणें हें सर्वांत घाणेरडें व सर्वांत धोक्याचें काम. पेटी कितीही उत्तम असो, या क्षणीं धूळ उघडी पडते. २०२० च्या साथींत घरोघरीं माहीत झालेला एन-९५ मुखपट्टा येथें आवश्यक आहे; दुपट्टा चालणार नाहीं, व दाढी वाढलेली असेल तर मुखपट्टाही चेहऱ्यास नीट बसत नाहीं. पंखा बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटें थांबावें, धुळीवर हलकेंच पाणी शिंपडून ती जाड पिशवींत भरावी, आणि सांडलेली धूळ झाडूनें न उडवितां ओल्या फडक्यानें पुसावी. मात्र ज्या धुळींत ॲल्युमिनियम आहे तिला पाणी लावूं नये. किंबहुना ॲल्युमिनियम व गंजकें लोखंड एकामागून एक त्याच पेटींत, खण साफ न करितां, घासूंच नये. ॲल्युमिनियमची भुकटी व लोखंडाचा गंज यांच्या मिश्रणानेंच रेल्वेचे रूळ वितळवून जोडतात; तेंच मिश्रण आपल्या फिल्टरांत सांठवून वर ठिणगीची वाट पाहणें शहाणपणाचें नाहीं. जुन्या यंत्रांवरील शेंदरी अस्तर शिशाचें असूं शकतें. तसा संशय असेल तर ती वस्तु पेटींत न घालतां रसायनानें रंग काढावा. फवारणी पंपाचे भाग साबणाच्या पाण्यानें तीनदां धुतल्यावांचून आणि डिझेलची टांकी तर कोणत्याही सबबीखालीं पेटींत घालूं नये.

दाण्यांच्या घर्षणानें पेटींत वीज सांठते व हातास झटके बसतात. झटका सौम्य असतो, पण दचकलेला हात बंदूक सोडतो. पेटीस अर्थिंगची तार हवी, आणि ती जमिनींत नीट लागलेली हवी. आमच्या काळ्या जमिनीस उन्हाळ्यांत भेगा पडतात व अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो. एप्रिल-मे महिन्यांत त्यांत आठवड्यास दोनदां पाणी ओतावें. हें काम गाईगुरांस पाणी दाखविण्याच्या वेळींच केलें म्हणजे विसरत नाहीं.

तीस वर्षें दप्तर सांभाळल्यामुळें एक खोड आम्हांस जडली आहे, ती येथें उपयोगी पडेल असें वाटतें. पेटीच्या बाजूस दोरीनें एक वही बांधावी. तारीख, किती तास चालली, टांकीचें पाणी काढलें काय, फिल्टर झटकला काय, दाणे किती नवे घातले, नोझल व हातमोजे केव्हां बदलले, आणि शेवटीं चालविणाराची सही. त्याच वहीच्या मागील पानावर चालविणाराच्या छातीच्या तपासणीची तारीख लिहावी : कामास लावण्यापूर्वीं एक क्ष-किरण चित्र व पुढें दर वर्षीं एक. त्याचा खर्च मंडळानें करावा, मुलाकडून घेऊं नये. एकाच मुलास वर्षभर पेटीवर उभें न करितां दोघांतिघांनीं आलटून पालटून काम करावें, हेंही आमचें मत आहे.

पेटींतून निघालेलें लोखंड नवें व उघडें असतें. त्यास घामट हात लागला तरी बोटांचे ठसे गंजाच्या रूपानें उमटतात, आणि पावसाळी हवेंत कांहीं तासांत सर्व पृष्ठभाग तांबूस होतो. म्हणून जेवढ्या वस्तूंना त्याच दिवशीं अस्तराचा पहिला हात देतां येईल तेवढ्याच सकाळीं घासाव्या. धूळ कोरड्या स्वच्छ फडक्यानें पुसून अस्तर लावावें, तें वाळल्यावर रंगाचे दोन हात. हें सर्व काम मृग लागण्यापूर्वीं उरकलेलें बरें. तेव्हां दाणे, कांचेवरचे पत्रे, हातमोज्यांचा एक जोड व एक फिल्टर यांची मागणी फाल्गुनांतच पाठवावी, कारण ज्येष्ठांत खामगांवच्या बाजारांतही ते लवकर हातीं लागतीलच असें नाहीं.